बघून सोडलेला मासा

मासा गळाला लावायचा, पाण्याबाहेर काढायचा, एकदा नीट बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, हा माझा गेल्या काही वर्षांचा वसंतातला उद्योग आहे. सासूबाईंना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"सोडता?"

"हो."

"जिवंत?"

"जिवंतच. इजा होऊ नये म्हणून गळाचा उलटा दातसुद्धा घासून काढलेला असतो."

"खात नाही, विकत नाही, शेजाऱ्याला देत नाही. मग धरता कशाला?"

"बघायला," मी म्हणालो.

सासूबाई बायकोकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे पोहे खायचे, मुलीला दोन प्रश्न विचारायचे आणि कळवतो म्हणून निघून जायचं. तो मासा घरी जाऊन काय सांगत असेल गो?"

सासूबाई वेंगुर्ल्याच्या. मी पुण्याचा, आणि आमच्या घरात मासा ठाऊक होता तो विष्णूचा पहिला अवतार म्हणून. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या माहेरच्या मंडळींत माझी ओळख 'जावई डॉक्टर आहे, स्वभावानं गरीब आहे, पण मासे खात नाही' अशी करून दिली जायची. त्यातला 'पण' इतक्या हळू आवाजात म्हटला जायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, माझा एक पाय आखूड आहे. एडिनबराला इतकी वर्षं काढली, घरात आठवड्यातून दोनदा मासे शिजतात, मी अजून शेजारी बसून आमटीभात खातो. असा माणूस मासे धरायला जातो, यावर सासूबाईंचा विश्वास बसेना. मलाही तो पुरता बसलेला नाही.

हे खूळ लेकीनं लावलं. माझ्या पन्नाशीला तिनं फ्लाय-फिशिंगच्या एका दिवसाच्या धड्याचं कार्ड हातात ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हा खूप चांगली हॉबी आहे. तुझी मोकळा वेळ सगळी सोफ्यावर जाते." मुलीचा जन्म इथला. तिच्या मराठीत लिंगं आपापल्या मर्जीनं वागतात, पण म्हणणं नेमकं असतं.

या प्रकारात गांडूळ, कणीक असलं काही नसतं. बारीकशा गळावर पिसं आणि सशाचे केस दोऱ्यानं गुंडाळून एक खोटी माशी बनवायची आणि लांब दोरीनं ती वाहत्या पाण्यावर अशी अलगद ठेवायची की नदीतल्या ट्राउट माशाला वाटावं, ही आत्ताच उडत आली. वाचायला सोपं आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. माझ्या धंद्यात समोरचा गाढ झोपला की काम झालं. नदीवर समोरचा टक्क जागा असतो आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते.

पण एक कबूल करतो, माशांपेक्षा मला माश्यांनी जास्त धरून ठेवलं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या गृहस्थांनी उथळ पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. खालच्या बाजूला चपटे, शेपट्यांचे बारीक जीव सरासरा पळत होते. हे वर्षभर असेच दगडाखाली राहतात, ते म्हणाले, आणि वसंतात एका दुपारी वर येतात, पाण्यावरच कात टाकतात, पंख फुटतात, आणि पुढचं सगळं आयुष्य एक-दोन दिवसांत उरकतात. त्या दिवसानंतर मी नदीवर गेलो की आधी दगड उलटे करतो. बायको म्हणते, माणूस पन्नास वर्षांचा होऊन बालवाडीत गेला. मासे फारसे मिळत नाहीत. मी सोडून देतो असं मोठ्या तोंडानं सांगतो खरा, पण सोडण्यासाठी आधी धरावा लागतो. उदारपणा दाखवण्याची संधी मला वर्षातून मोजक्या वेळा येते.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि आमच्या घराला वास आला. हे मी चांगल्या अर्थानं म्हणतोय. तिरफळाचा, कोकमाचा, ओल्या नारळाच्या वाटणाचा. सुपरमार्केटच्या फिश काउंटरवर त्या गेल्या की आधी माशाचा कल्ला उचलून आत बघायच्या आणि मग तो सरळ नाकाशी न्यायच्या. काउंटरमागच्या बाई आधी घाबरायच्या. सासूबाई हुंगून झाल्यावर मराठीत निकाल द्यायच्या, "परवाचा आहे. बर्फात ठेवून तोंड धुतलंय त्याचं." बायको त्याचं इंग्रजी करायची, "माय मदर सेज थँक यू." त्यांचा निकाल कधी चुकला नाही. मी मासे खात नसलो तरी हा विधी बघायला मुद्दाम सोबत जायचो.

मग त्यांना कोविड झाला. अगदी सौम्य. ताप गेला, खोकला गेला, जाताना नाकातला वास तेवढा घेऊन गेला. येईल परत, सगळ्यांचा येतो, असं आम्ही दोघं डॉक्टर नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे न बघता सांगत राहिलो. एका सकाळी त्या फोडणी टाकून खिडकीबाहेर बघत होत्या. वरच्या मजल्यावर मला जळकट वास आला आणि त्याच क्षणी स्मोक अलार्म किंचाळायला लागला. मी धावत खाली आलो. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं आणि धुराच्या मधोमध सासूबाई अलार्मकडे बघत उभ्या होत्या.

"त्याला कळलं," त्या म्हणाल्या. "मला नाही कळलं."

त्यांनी पळी सिंकमध्ये ठेवली. त्यानंतर त्यांनी स्वयंपाक केला नाही. आम्ही जे करू ते खायच्या, गोळी गिळावी तसं. चव कशी आहे विचारलं की "गरम आहे" म्हणायच्या. त्यांचे ब्लाउज बायकोनं आधी एकदा आत घेतले, मग पुन्हा घेतले. आमच्या हॉस्पिटलातल्या नाक-कान-घशाच्या सहकाऱ्यानं वासाचा व्यायाम सांगितला. चार बाटल्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. सासूबाईंनी ते कितीतरी महिने जपमाळेसारखं केलं. एके दिवशी चारही बाटल्या ड्रॉवरमध्ये गेल्या. "निलगिरीचासुद्धा येत नाही," त्या म्हणाल्या. "तो मेलेल्या माणसालापण येतो."

मार्च संपत आला होता आणि मी जेवणाच्या टेबलावर माश्यांची डबी उघडून बसलो होतो. सासूबाई समोर येऊन बसल्या.

"तुमची ती नदी उघडली का?"

"पंधरवडा झाला. ट्राउटचा सीझन सुरू झाला."

"मला एक मासा पाहिजे."

मी डबी बंद केली.

"खायला नाही, हुंगायला," त्या म्हणाल्या. "पाण्यातून काढल्या काढल्या, जिवंत, माझ्या हातात. दुकानातला मासा अर्धा वास वाटेत सांडून आलेला असतो, त्याच्यावर मी भरवसा ठेवणार नाही. जिवंत माशाचा वास आला तर ठीक. नाही आला तर संपलं. मग मी तुमचा आमटीभात खाईन आणि गप्प बसेन. कुणी बाटल्या आणायच्या नाहीत, कुणी 'आई, आज कसं वाटतंय' विचारायचं नाही."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको ऐकत होती.

"आणि वास आला तर?" मी विचारलं.

"तर तो मासा मी सोडणार नाही. आधीच सांगून ठेवते. घरी आणून खाणार."

आमच्या मासेमारी क्लबच्या पाण्यात दिवसाला एक ट्राउट घरी न्यायची मुभा आहे. तो ताबडतोब मारायला एक छोटा सोटा मिळतो, त्याला इथले लोक 'प्रीस्ट' म्हणतात, कारण तो शेवटचे संस्कार करतो. माझ्या बॅगेत तो पहिल्यापासून आहे, सेटमध्ये आला होता. भटाच्या घरात जन्मून मी त्या भटजीला अजून एकदाही कामाला लावलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोनं मला गॅरेजमध्ये गाठलं.

"तुला एक मासा धरता येईल ना? एकच?"

"प्रयत्न करतो."

"प्रयत्न नको. मासा." मग जरा थांबून म्हणाली, "तिनं मनात पैज लावलीय. तू रिकाम्या हातानं आलास तरी ती हरलीच असं समजेल. कळतंय ना?"

कळत होतं. म्हणूनच त्या आठवड्यात मी लंचटाइमला हॉस्पिटलच्या मागच्या लॉनवर नुसती दोरी फेकायची प्रॅक्टिस केली. एक रुग्ण खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन टेबलवर त्यानं मला ओळखलं आणि भूल घेण्याआधी विचारलं, काल काही मिळालं का.

एप्रिलमधल्या शनिवारी आम्ही दोघं निघालो. बायको ऑन-कॉल होती. सासूबाईंनी लेकीचे जुने वेलिंग्टन बूट, माझं फ्लीस आणि त्यावर स्वतःची शाल असा पोशाख केला होता. एडिनबराहून दक्षिणेला तासाभरात ट्वीड नदीचं वरचं पात्र लागतं. तिथे ती ट्वीड कापडाच्या जाहिरातीतली रुंद नदी नाही, डोंगरांतून घाईघाईनं उतरणारी, दगडांवर आपटणारी मुलगी आहे. डोंगरमाथ्यांवर अजून बर्फाचे पांढरे चट्टे होते आणि खालच्या कुरणांत कोकरं. रस्त्याच्या कडेनं गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुलली होती.

गॉर्सबद्दल मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती दोन दिवस पोटात धरून ठेवली होती. ऊन पडलं की त्या फुलांना खोबऱ्याचा वास येतो. म्हणजे खरोखर, नारळ खवताना येतो तसा. स्कॉटलंडच्या डोंगरात खोबऱ्याचा वास कुठून आला याचं मला दरवर्षी नवल वाटतं. कार पार्क केली आणि मी बोटं काट्यांतून सांभाळत मूठभर फुलं तोडून आणली. सासूबाईंना वाटलं, पूजेला.

"हुंगून बघा," मी म्हणालो. काय आहे ते सांगितलं नाही.

त्यांनी ओंजळ नाकाशी नेली. डोळे मिटले. दीर्घ श्वास घेतला, परत घेतला. माझ्या नाकापर्यंत खोबरं पोचत होतं.

"कशाचा यायला पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, असंच. छान फुलं आहेत."

"कशाचा ते सांगा."

"खोबऱ्याचा."

त्यांनी फुलांकडे बघितलं, ती खाली न टाकता शालीच्या टोकात बांधली आणि म्हणाल्या, "चला. पाणी कुठाय तुमचं?" मी दिवसाची सुरुवातच एका नापास शेऱ्यानं करून दिली होती. वाटभर मी स्वतःला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या पुण्यात शिकलो नव्हतो, सासरी शिकलो होतो.

नदीच्या वळणावर वाळू-गोट्यांचा सपाट तुकडा आहे. तिथे फोल्डिंगची खुर्ची मांडून, गुडघ्यांवर घोंगडी घालून मी सासूबाईंना बसवलं आणि वेडर्स चढवले. छातीपर्यंत येणारी ती रबरी विजार घातलेली बघून त्या म्हणाल्या, "लहान बाळाला घालतात तसलं मोठ्यांचं मिळतं होय." मी पाण्यात उतरलो. वितळलेल्या बर्फाचं पाणी विजारीबाहेरूनही पोटऱ्या आवळून धरतं.

या महिन्यात मार्च ब्राउन नावाची माशी निघते. नावात मार्च असलं तरी ती येते एप्रिलमध्ये, आणि तेही दुपारी. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना ती शोभून दिसेल. तोवर वाट बघणं हेच काम. मी एक दगड उलटा करून सासूबाईंना दाखवायला आणला. त्यांनी तो चष्म्याजवळ धरला. मला वाटलं, नाक मुरडतील. पण त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हे उडणार?"

"दुपारी."

"याला ठाऊक आहे?"

त्यांनी दगड परत दिला आणि होता तसाच ठेवायला सांगितला, उलटा नको.

मग मी दोरी फेकायला लागलो. पुढे, मागे, पुढे, मागे. लॉनवर जमलेलं सगळं वाऱ्यानं पुसून टाकलं. एकदा माशी मागच्या अल्डरच्या फांदीला लागली, एकदा माझ्या टोपीला.

"अहो," काठावरून आवाज आला, "मासे धरताय की त्यांना वारा घालताय?"

"आई, याला तंत्र असतं."

"ते असेल. मासा आहे का?"

बाराच्या पुढे ऊन जरा तापलं आणि सगळी नदी बदलली. आधी एक माशी, ठिपकेदार पंख उभे धरून, होडीसारखी तरंगत आली. मग चार. मग मोजता येणार नाहीत इतक्या. आणि पाण्याला ठिकठिकाणी भोकं पडायला लागली. प्रत्येक भोक म्हणजे एक तोंड. मी इतकी वर्षं बघतोय, तरी त्या क्षणी हातात काय धरलंय ते मी विसरतो. सासूबाई खुर्चीतून उठून पाण्याच्या कडेला आल्या होत्या.

"ते बघा, तिथे. त्या दगडाच्या मागे. तिथे नाही, इकडे, माझ्या बोटाकडे बघा."

त्यांच्या बोटाकडे बघून मी माशी टाकली. तोंड उघडलं, दोरी ताणली, रॉड वाकला. वीतभर ट्राउट हवेत उसळला, उन्हात त्याचे तांबडे ठिपके दिसले, आणि दोरी सैल पडली. गेला.

टोमणा आला असता तर बरं वाटलं असतं. मी मागे वळून बघितलं तर सासूबाई हात पुढे करून उभ्या होत्या. दोन्ही तळवे वर, देवळात प्रसाद घ्यायला धरतात तसे. मासा गळाला लागताक्षणी त्यांनी ते धरले असणार आणि खाली घ्यायचं राहून गेलं होतं.

दोरीला नवी माशी बांधायला मला इतका वेळ लागला की तेवढ्यात एखाद्याला भूल देऊन उठवता आलं असतं. पाण्यावरची भोकं कमी होत चालली होती. माश्यांची वेळ संपत आली होती. वरच्या खोल धारेत, पलीकडच्या बाजूला एकच जीव अजून वर येत होता, अगदी हळू, छोटासा बुडबुडा सोडून. मी दोन पावलं पुढे गेलो. पाणी कमरेच्या वर आलं. माशी टाकली. ती वाहत आली, त्याच्यावरून गेली. परत टाकली. परत गेली. तिसऱ्यांदा बुडबुडा आला आणि मी रॉड उचलला.

हा उसळला नाही. खाली खोल गेला आणि गोल गोल फिरत राहिला, जड, हट्टी. मी मागे सरकत सरकत काठाशी आलो, दुसऱ्या हातानं जाळं पाण्याखाली धरलं आणि कधी नव्हे ते पहिल्याच खेपेला मासा त्यात आला. हातभर लांब. मी जाळं पाण्यातच ठेवून गळ सोडवला आणि ओरडलो, "आई, हात ओले करा. कोरड्या हातानं त्याचं बुळबुळीत कवच निघतं."

"मला मासा कसा धरायचा ते शिकवता?" असं म्हणून त्यांनी कोपरापर्यंत हात त्या बर्फाळ पाण्यात घातले.

त्यांनी तो पोटाखालून उचलला आणि लगेच म्हणाल्या, "ही तुमची ट्राउट नव्हे."

नव्हती. तांबडे ठिपके कुठेच नव्हते. राखाडी चंदेरी अंग, बाजूनं जांभळट झाक, मिटलेलं छोटं तोंड, आणि पाठीवर केवढा तरी मोठा पर, पदर वाऱ्यावर सोडल्यासारखा. ग्रेलिंग. दुसऱ्यांच्या जाळ्यात मी तो लांबून बघितला होता, माझ्या गळाला आजवर आला नव्हता. आणि वसंतात ग्रेलिंग घरी न्यायचा नसतो. त्यांचा अंडी घालायचा हंगाम असतो. एक वेळ ट्राउट मारता येईल, हा नाही.

पण सासूबाई ऐकण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. काउंटरवर न्यायच्या तसा त्यांनी मासा सरळ नाकाशी नेला. विचार करून नव्हे. हातांनीच नेला.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मी पाण्यात गुडघ्यांवर, त्या वर, मधे मासा.

"ओवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ओव्याच्या पानाचा वास येतोय."

माझ्यातला डॉक्टर आधी जागा झाला, आणि तो नेहमी चुकीच्या वेळी जागा होतो. हरवलेलं नाक पुष्कळदा नसलेले वास देतं. कुणाला जळकं रबर, कुणाला कुजलेला कांदा. माशाला माशाचा वास यायला हवा, ओव्याचा कसा येईल. माझा चेहरा त्यांनी वाचला.

"तुमचं नाक चालू आहे ना? घ्या, बघा."

मी मासा त्यांच्या हातातच पाण्यात बुडवायला लावला, त्याला श्वास घेऊ दिला, मग नाक जवळ नेलं. नदीचा वास. शेवाळ. आणि मागे कुठेतरी, हिरवट, तिखटसर काहीतरी. मला तो ओवा वाटला नाही. मला तीस वर्षांपूर्वीचं पुण्यातलं ऑपरेशन थिएटर आठवलं. तेव्हा आम्ही हॅलोथेननं भूल द्यायचो आणि ते टिकावं म्हणून त्यात थायमॉल घातलेला असायचा. बाटली संपत आली की तळाशी तो पिवळा चिकट उरायचा आणि साफ करायचं काम आम्हा शिकाऊ पोरांकडे यायचं. थायमॉल. इंग्रजांच्या थाइम नावाच्या सुगंधी पाल्यातला, आणि आपल्या ओव्यातलाही तोच. या माशाचं शास्त्रीय नाव थायमॅलस आहे, हे मी कुठल्यातरी चित्राखाली वाचलं होतं आणि वाचून पान उलटलं होतं. म्हणजे कुणालातरी पूर्वी कधी हाच वास आला होता.

"आई," मी म्हणालो, "आहे. खरंच आहे."

"मग मी काय सांगतेय."

त्यांचे डोळे भरले होते, पण मासा हातात असताना पुसणार कशानं. आता सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि त्यांचा अंगठा माशाच्या पोटावरून फिरताना बघितला.

"गाबोळी आहे हिच्या पोटात," त्या म्हणाल्या. "भरलेली."

"हो. हंगाम आहे. आई, हा घरी..."

"मग मला सांगता कशाला?" त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "आमच्याकडे पावसात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात ते काय हौस म्हणून? नारळी पुनवेपर्यंत कोण जाळं टाकत नाही. गाबोळीवाली सोडायचीच." मग जरा घुटमळून, आर्जव केल्यासारखं, "अजून एकदाच घेते हं. तिला त्रास होईल का?"

"एकदा चालेल."

त्यांनी पुन्हा हुंगलं. या वेळी घाई न करता. मग प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून मासा दोन्ही तळव्यांत पाण्याखाली धरला. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. कल्ले उघडमीट करत राहिले. तो मोठा पर एकदा उभा राहिला, आडवा झाला, आणि तळव्यांत नुसतं पाणी राहिलं. सासूबाईंनी हात झटकन बाहेर काढले, पाण्यापासून वाचवल्यासारखे.

"अजून बघू का?" मी विचारलं. "ट्राउट मिळेलही एखादा. नेता येईल."

"कशाला?" त्या म्हणाल्या.

परतताना त्यांनी कार सुरू झाल्याबरोबर मला काच वर घ्यायला लावली. उजवा तळवा नाकाशी, डावा मांडीवर. मी आणलेलं सँडविच त्यांनी डाव्या हातानं खाल्लं. थर्मासचा चहा हुंगला, शाल हुंगली, माझी टोपी हुंगली आणि प्रत्येक वेळी मान हलवली. कशालाच वास नव्हता. फक्त तळव्याला. कसं वाटतंय, हे मी विचारलं नाही, कारण तो प्रश्न विचारायचा नाही हे ठरलं होतं.

घरी बायको दारातच उभी होती. माझ्या रिकाम्या हातांकडे तिनं आधी बघितलं.

"मासा?"

"सोडला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू सोडलास?"

"बघून सोडला. तुझ्या नवऱ्याला विचार, तशी पद्धत आहे." आणि बूट न काढता त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओव्याची बाटली कुठे असते हे त्यांच्या हाताला अजून ठाऊक होतं. चिमूटभर ओवा त्यांनी डाव्या तळव्यावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि नाकाशी धरला. आम्ही दोघं दारात उभे होतो, रिपोर्टची वाट बघणाऱ्या नातेवाइकांसारखे. आजवर आम्ही अशा दारात नेहमी आतल्या, डॉक्टरांच्या बाजूला असायचो.

"आहे?" बायकोनं शेवटी विचारलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण लांब. चार घरं टाकून कुणीतरी ओवा भाजतंय, एवढा." मग खांद्यावरची शाल काढून माझ्या हातात दिली. "बेसन कुठे ठेवता तुम्ही लोक?"

भजी करायला त्यांना वेळ लागला. मीठ दोनदा पडलं असं मला दिसलं, मी बोललो नाही. ओवा तर इतका घातला की ती भजी नव्हती, औषधच होतं. पहिला घाणा काढून त्यांनी एक भजं ताटलीत मोडलं. वाफ वर आली. त्या वाकल्या, डोळे मिटले आणि तशाच राहिल्या.

"आई, येतोय का?" बायको म्हणाली.

"अगो, जरा गप्प बस. हुंगू दे मला."